सोयराचं पाणी

१९६९ साली रोमहून माझ्या नावाने एक जाड पाकीट आलं. आत बावीस पानांचा एक लेख होता आणि त्याला एकशे चौदा तळटीपा होत्या. विषय असा, की तेराव्या शतकातल्या एका थोर संताचा फादर इनास लुद्रिक या आधुनिक धर्मपंडिताच्या विचारांवर काय प्रभाव पडला. लेख इंग्रजीत होता आणि माझं इंग्रजी पाटीवर तारीख लिहिण्यापुरतं. म्हणून मी तो कुडाळच्या एका ओळखीच्या वकिलाकडे नेला आणि दोन रविवार त्याच्या ओटीवर बसून समजून घेतला. लेखकाचं म्हणणं, १९६४ सालच्या अखेरीस फादर इनास यांच्या विचारांना अचानक वळण लागलं. तोवर ते संताच्या ग्रंथातल्या नियमांना घट्ट धरून होते, आणि पुढे त्याच ग्रंथातली दयेची पानं उलटू लागले. हे कशामुळे झालं याची लेखकाने सहा कारणं दिली आहेत. सहाही कारणं पुस्तकं आहेत.

सातवं कारण आमच्या तोंडवलीत राहत होतं, तंबाखू खात होतं आणि सहीच्या जागी अंगठा उठवत होतं. त्याचं नाव नर्मदाबाय. एवढ्या तळटीपांत तिला एक ओळसुद्धा मिळाली नाही, म्हणून मी हे लिहायला बसलो. मराठीत लिहितो आहे, त्यामुळे रोमला काही त्रास होणार नाही.

नर्मदाबाय गावची सुईण. तोंडवलीपासून आचऱ्यापर्यंत चाळीस वर्षांत जन्मलेलं बहुतेक पोर आईआधी तिच्या हातात आलं. उंचीने ठेंगणी, आवाजाने दांडगी. नवरा गलबतावर गेला तो परत आला नाही, आणि पदरी स्वतःचं मूल नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीतून तिने मोठमोठ्या सासवांना, आणि एकदा तर एका तलाठ्यालाही, हाताला धरून बाहेर काढलं होतं. मी १९५० साली इथल्या शाळेवर मास्तर म्हणून आलो. माझी तिन्ही मुलं तिच्याच हातची. त्यामुळे तिच्याबद्दल मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही.

गावाच्या खालच्या अंगाला किरिस्तांवांची नऊ घरं होती. त्यांची छोटी इगर्ज, म्हणजे चर्च, आणि इगर्जीमागे चिऱ्याची भिंत घातलेली दफनाची जागा. फार वर्षांपूर्वी तिथल्या एका म्हाताऱ्या पाद्रीने नर्मदाबायला बोलावून एक काम शिकवलं होतं. जन्मलेलं मूल जगणार नाही असं दिसलं, आणि पाद्री येईपर्यंत धीर नसला, तर जो कोणी जवळ असेल त्याने मुलाचा बाप्तिस्मा करून टाकावा. तो हिंदू असला तरी चालतो. डोक्यावर निर्मळ पाणी ओतायचं, तीन पवित्र नावं असलेलं एक वाक्य म्हणायचं, आणि इगर्ज जे करते तेच मी करते आहे असं मनात धरायचं. नाहीतर ते बाळ स्वर्गातही जात नाही आणि नरकातही नाही, मधेच कुठेतरी कायमचं राहतं. शिवाय त्याला भिंतीच्या आत पुरत नाहीत. हा सगळा कायदा त्या तेराव्या शतकातल्या संताने तपासून पक्का केलेला. संत अंगाने भरपूर होता म्हणे, त्यामुळे वाडीत त्याला जाडो संत म्हणत.

ते वाक्य नर्मदाबायने एका दुपारीत पाठ केलं. पुढे मी आठ वर्षं तिला सही शिकवत होतो, ती काही तिला आली नाही. यावरून मी आणि तो पाद्री यांच्यात बरा शिक्षक कोण, ते ज्याचं त्याने ठरवावं.

अशा अकरा बाळांना तिने पाणी घातलं. दहा गेली, एक जगलं. जगलेला तो इनास. गेलेल्यांपैकी दोन त्याच्याच आईची, नातालीनची होती, एक इनासच्या आधीचं आणि एक नंतरचं. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, नातालीन भिंतीच्या आत दोन चिमुकल्या मातीच्या ढिगांवर दोन मेणबत्त्या लावायची. नर्मदाबाय भिंतीबाहेर उभी राहून बघायची. आत कधी गेली नाही, कोणी बोलावलंही नाही. पण ती त्यांना 'माझे धा जण' म्हणायची. मरणाची तिला भीती वाटत नसे. वर गेल्यावर नवरा भेटेल याचा भरवसा नाही, दर्यावर्दी माणूस, तिथूनही कुठे निघून गेला असेल. पण धा जण जागेवर असणार आणि मला ओळखणार, असं ती सगळ्यांना सांगायची. या एका गोष्टीवर ती म्हातारी खुशाल होती.

इनास हुशार निघाला. म्हाताऱ्या पाद्रीने त्याच्यावर तेल, मीठ वगैरे उरलेले विधी केले. पाणी मात्र परत घातलं नाही, कारण बाप्तिस्मा एकदाच होतो असा नियम, आणि नर्मदाबायच्या कामावर त्याचा पुरा विश्वास. इनास शिकून पाद्री झाला, रोमला गेला, तिथे पंडित झाला. १९६२ साली त्याने बाप्तिस्म्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात निव्वळ पाण्यावर चाळीस पानं होती. पावसाचं चालतं, विहिरीचं, नदीचं, समुद्राचंसुद्धा चालतं. गुलाबपाणी, दूध, फळांचा रस चालत नाही, आणि ते घातलं तर बाप्तिस्मा झालाच नाही असं समजावं. आमच्याकडे एवढी टंचाई, पण पाण्यावर चाळीस पानं लिहायचं कुठल्या मामलेदाराला सुचलं नव्हतं. प्रस्तावनेत इनासने अभिमानाने लिहिलं होतं, की मला एका हिंदू सुईणीने बाप्तिस्मा दिला. संताच्या मनाचा मोठेपणा याहून आणखी कशाने सिद्ध व्हायचा?

१९६४ च्या ऑक्टोबरात तो रजेवर घरी आला. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी त्याला नर्मदाबायचा फोटो हवा होता आणि तिच्या तोंडून सगळी हकिकत. मला बरोबर नेलं. तिच्या घरापुढच्या खळ्यात बसून त्याने मालवणीतच विचारलं, की तू माझ्यावर पाणी कसं घातलंस ते करून दाखव. नर्मदाबाय उठली, कोयता घेतला आणि कोपऱ्यातलं शहाळं सोलायला बसली. इनास म्हणाला, शहाळं मागाहून पिऊ.

"पिऊक नाय," ती म्हणाली. "तुका दाखवतंय."

इनासचा हात कॅमेऱ्यावर होता तो तिथेच राहिला. शहाळं कशाला, असं त्याने विचारलं. तिला प्रश्नाचं नवल वाटलं.

"बाळंतिणीच्या घरात सोयर. घागरीचां, विहिरीचां, सगळां पाणी सोयराचां. तां देवाच्या कामाक कसां चलात? शहाळ्याचां पाणी वरच्यान भरलेलां, वरच्यानच बंद केलेलां. माझोय हात लागाक नको म्हणान मी थेट तेच्यातसूनच ओततंय."

अकराही जणांना असंच का, असं त्याने विचारलं. अकराही जणांना, ती म्हणाली. दाराशी माड असताना दुसरीकडे कशाला जायचं? आणि ती हसली, काम नीट केलेल्या माणसासारखी.

इनासने फोटो काढला नाही. बस गाठायची नव्हती तरी तो किनाऱ्याने भराभर चालू लागला, आणि मी मागून धापा टाकत. मग वाळूत बसला आणि मला शुद्ध मराठीत समजावून सांगू लागला. शहाळ्याचं पाणी म्हणजे फळाचा रस. म्हणजे माझा बाप्तिस्मा झालेला नाही. बाप्तिस्मा नाही तो ख्रिस्ती नाही, आणि ख्रिस्ती नाही तो पाद्री होऊच शकत नाही. "नऊ वर्षांत मी कोणाचंही पाप माफ केलेलं नाही, मास्तर." मी म्हटलं, ज्यांची माफ झाली नाहीत त्यांनी एव्हाना नवी केली असतील, जुन्यांची आठवण कोणाला असणार? त्याला हसू आलं नाही. मी म्हटलं, त्या जाड्या संताला विचारा. तो म्हणाला, विचारलं आहे, चाळीस पानं त्याच्याच आधाराने मीच लिहिली आहेत.

समुद्र त्याच्या घरापासून साठ पावलांवर. ते पाणी संताला चाललं असतं. दुसऱ्या दिवशी मी नर्मदाबायला म्हटलं, निदान दर्याचं तरी घ्यायचं. तिने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, की रोज पहाटे गाव लोटा घेऊन किनाऱ्याला कशाला जातो ते मास्तरांना ठाऊक नाही काय. मला ठाऊक होतं. तेराव्या शतकातल्या इटलीत ते बहुधा ठाऊक नसावं.

इनासने प्रामाणिकपणे बिशपला पत्र लिहिलं. आठवड्याभरात बिशपच्या कचेरीतले एक पाद्री छापील कागद घेऊन आले. गावात टेबल एकच, ते शाळेत, म्हणून जबानी शाळेत झाली आणि लिहून घ्यायला मी बसलो. कचेरीचे पाद्री सज्जन होते, घामाने डबडबलेले, आणि त्यांना हे प्रकरण मिटवून चारची गाडी गाठायची होती. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, बाई म्हाताऱ्या, नक्की आठवत नसेल तर आठवत नाही असं सांगावं त्यांनी. साधं पाणी असण्याचा नुसता संभव निघाला तरी बरंच काम होईल.

मी हे तिला सांगितलं आणि पदरचंही घातलं. म्हटलं, विहिरीचं पाणी होतं एवढं म्हण. इनास पाद्रीचा पाद्री राहील आणि तुझे धा जण आहेत तिथे राहतील. नाहीतर संताच्या कायद्याने ते पोचलेच नाहीत असं होईल. मुलांना खोटं बोललं की छडी देणारा मी, त्या दिवशी त्याच वर्गात एका सत्तरीच्या बाईला खोटं बोल म्हणून विनवत होतो. इनास मागच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता.

धा जण पोचलेच नाहीत म्हणजे काय, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग मला म्हणाली,

"म्हणजे मी देवाच्या कामाक सोयराचां पाणी घेतलंय, असां कागदार लिवतलास? चाळीस वर्सां ह्यां काम मी सांभाळून केलंय. तां माझ्या तोंडातसून येवचां नाय."

झालं. मी 'शहाळ्याचे पाणी' असं लिहिलं, आणि आठ वर्षं न आलेल्या सहीच्या जागी तिने अंगठा उठवला. पुढे इनासचं काय, असं तिने विचारलं. कचेरीच्या पाद्रींनी सांगितलं, काही अवघड नाही, बिशपच्या राहत्या घरी एका सकाळी बंद दाराआड, नव्याने पाणी घालण्यापासून पाद्री करण्यापर्यंत, सगळं होईल. मी हिशेब करून पाहिला. सात वाजता जो मनुष्य ख्रिस्तीसुद्धा नसेल तो साडेदहाला पाद्री होईल आणि अकराला न्याहारी करील. नर्मदाबायने मान हलवली, बरं झालं म्हणाली.

"आणि माझ्या धा जणांका?"

कचेरीच्या पाद्रींनी कागद उलटून पाहिला. कागदावर तसा रकाना नव्हता. त्यांनी कागदाची घडी केली, सगळ्यांना नमस्कार केला आणि गाडीकडे गेले.

आमच्या गावात बंद दाराआड काही होत नाही. संध्याकाळपर्यंत नऊही घरांना कळलं. नातालीनने नर्मदाबायशी बोलणं टाकलं. दोघी पाणंदीत समोरासमोर आल्या की एक कुंपणाकडे बघायची, दुसरी जमिनीकडे. नातालीन मला एकदाच शाळेच्या दारात भेटली आणि म्हणाली, "माझी दोन खंय आसत, मास्तरानू?" मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचा मला पगार मिळतो. या प्रश्नावर मी घंटेची वेळ झाली म्हणून आत निघून गेलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते. नर्मदाबायने तंबाखू सोडली. दोन घरांतून बोलावणं आलं तर सरकारी नर्सला न्या म्हणाली. खळ्यातल्या शहाळ्यांना तिने हात लावला नाही. ती म्हातारी झाली आहे हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा दिसलं.

इनास घरात पुस्तकं घेऊन बसला होता. वाडीतल्या लोकांनी त्याला रोमचं हवामान बाधलं असं ठरवून काढे पाठवले. १ नोव्हेंबरला दुपारी तो नर्मदाबायच्या खळ्यात आला. दाढी वाढलेली, काखेत जाड्या संताचा ग्रंथ. मी तिथेच होतो. त्याने सांगितलं, की ज्या पानांवर पाण्याचा कायदा आहे त्याच्या थोडं पुढे त्याच संताने लिहून ठेवलं आहे, की हा कायदा माणसांसाठी. देवाने त्यात स्वतःला अडकवून घेतलेलं नाही. कोणी खऱ्या मनाने एखाद्याला त्याच्याकडे पाठवू पाहिलं आणि वाटेत काही चुकलं, तर देव काही दार लावून बसत नाही.

संताने एवढंच म्हटलं होतं की त्यात बरंचसं इनासनेच घातलं होतं, हे मला सांगता येणार नाही. रोमच्या लेखकाने यावर अकरा पानं लिहिली आहेत, आणि त्यालाही ते सांगता आलेलं नाही.

"ह्यां तू आधी वाचूक नाय होतंस?" नर्मदाबायने विचारलं.

"वाचलेलंय. परीक्षेत बरोबर लिवलंय, मार्कय पडले." तो म्हणाला. "पण तेवा थंय माझां कोण नव्हतां."

तिने विचारलं, म्हणजे धा जण पोचले? पोचले, तो म्हणाला. शहाळ्याच्या पाण्याने? नाही, तू ज्या मनाने घातलंस त्या मनाने. मग तिच्या डोळ्यांत जुनी नर्मदाबाय आली, तलाठ्याला बाहेर काढणारी.

"मगे तुका परत पाणी कित्याक होया? तेंका देवान घेतल्यान, आणि तुका घेवचो नाय?"

"माका देवान तेवाच घेतल्यान, नर्मदाबाय," इनास म्हणाला. "ह्यां पाणी बिशपासाठी."

ती हसली, आणि तंबाखूची डबी शोधू लागली. आईला आता हे समजावून सांगतो म्हणून इनास उठला, तर तिने त्याला खाली बसवलं. तुझ्या आईला तू सांगायचं नाहीस, मी सांगणार, पाणी माझं होतं, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्यांचा दिवस. नातालीन आपल्या दोन ढिगांपुढे बसली होती. मेणबत्त्या हातात, पण लावलेल्या नव्हत्या. नर्मदाबाय भिंतीपाशी आली, नेहमीच्या जागी थांबली, आणि मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा भिंतीच्या आत गेली. ती नातालीनशी काय बोलली ते बाहेर ऐकू आलं नाही. बोलणं लांबलं. नातालीन मान वर करत नव्हती, नर्मदाबाय बोलायची थांबत नव्हती, आणि इनास माझ्याशेजारी भिंतीवर दोन्ही हात टेकून उभा होता. शेवटी नातालीन सरकली आणि तिने शेजारी जागा केली. नर्मदाबाय बसली. नातालीनने दोन मेणबत्त्यांतली एक तिच्या हातात दिली.

"ही तू लाय," ती म्हणाली. एवढं मला ऐकू आलं.

इनास बिशपकडे जाऊन एका सकाळीत परत पाद्री होऊन आला, आणि रोमला गेला. १९६७ साली त्याचं दुसरं पुस्तक आलं. त्यात पाण्यावर फक्त दोन पानं आहेत. बाकीच्या पुस्तकात देव कशाकशाने अडत नाही ते लिहिलं आहे. त्या पुस्तकावर तिकडे बरंच वादळ झालं असं वकील म्हणाला. इकडे नर्मदाबाय त्या नोव्हेंबरानंतर दोनेक वर्षं परत बाळंतपणांना जात होती, पण किरिस्तांवांच्या घरी जाताना इगर्जीच्या विहिरीचं पाणी झाकणाच्या तांब्यातून नेऊ लागली. इगर्जीला सोयर नसतं, हा तोडगा तिने स्वतः काढला. सुदैवाने त्या पाण्याची कधी गरज पडली नाही.

१९६८ च्या श्रावणात ती आजारी पडली ती उठली नाही. मी जवळ बसलेलो असताना तिने इनासला पत्र लिहायला सांगितलं. मजकूर थोडकाच होता. तू सांगितलंस त्यावर माझा विश्वास आहे, पण मी आता तिकडेच चालले आहे, तर धा जण पोचले की नाहीत ते डोळ्यांनी बघते आणि तुला कळवते. मी लिहिता लिहिता थांबलो. आयुष्यभर सवय दुसऱ्याच्या चुका काढायची, ती अशा वेळीही जात नाही. मी म्हटलं, नर्मदाबाय, कळवणार कशी? तू तर अंगठेबहाद्दर, तिकडे तुला पत्र कोण लिहून देणार?

तिने डोळे मिटूनच उत्तर दिलं.

"धा जणांतलो कोण तरी शिकलेलो असतलो, मास्तरानू."